सात नंबरच्या सपाता

मोजणीदार दुकानात शिरले तेव्हा अकरा वाजत आले होते. त्यांच्या बगलेत पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. चपलांच्या काउंटरवरच्या दोघांनी त्यांना एकदमच पाहिलं. एकानं हातातला बूट खाली ठेवला. दुसरा शर्ट नीट खोचत हळूच म्हणाला, "आले."

बोलला एवढंच, पण मोजणीदारांना ते ऐकू गेलं. याआधीही कितीतरी वेळा गेलं असेल. तेव्हा त्यांना वाटायचं, आपला मान आहे.

मॅनेजर आतून जवळजवळ पळतच आला. "या साहेब, या. खुर्ची आणा रे साहेबांना. पाणी घेणार?"

"पाणी नको," मोजणीदार म्हणाले. "मला त्या बाईंना भेटायचंय."

"कोणत्या बाई?"

आता आली पंचाईत. दुकानात गेल्यावर विकणाऱ्याचं नाव आधी विचारायचं, हा मोजणीदारांचा जन्माचा नियम. नाव विचारलं की माणूस निम्मा सरळ होतो, असं ते सगळ्यांना सांगत. त्या बाईंचंही नाव त्यांनी विचारलं होतं, तक्रारीत ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. पण मनात त्यांनी तिला दुसरंच नाव ठेवलं होतं, आणि आता काही केल्या तेवढंच आठवत होतं. प्रश्नपत्रिका.

"ज्यांची मी तक्रार केली होती, त्या," ते म्हणाले.

मॅनेजरचा चेहरा उतरला. "परत काही केलं का तिनं?"

चौतीस वर्षं मोजणीदारांनी जमिनी मोजल्या होत्या. दोन भाऊ बांधावर काठ्या घेऊन उभे असताना मधून साखळी ओढत नेणारा हा माणूस. दुकानदाराला काय भिणार? नात्यात कुणाला मोठी खरेदी करायची असली की ह्यांना बरोबर न्यायचं, असा रिवाजच पडला होता. साडूनं फ्रीज घेतला तेव्हा हे सोबत. पुतणीच्या कपाटाचं दार वाकडं निघालं, बोलावणं ह्यांनाच. बिल प्लॅस्टिकच्या पाकिटात. आवाज चढवायच्या आधी तो एकदम खाली आणायचा, म्हणजे समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तक्रार. तक्रार ते फार सुंदर लिहीत. शेवटी छापलेलं असतं ना, 'ग्राहक समाधानी आहे का? हो / नाही', तिथं 'नाही'वर अशी जोरात खूण करत की खालच्या तीन पानांवर उमटावी.

त्यांची बायको अशा वेळी काय करायची? आवाज खाली आला की तिला कळायचं आता काय होणार. ती गुपचूप मागं सरायची आणि या दुकानात चपलांच्या समोरच छत्र्यांचं काउंटर होतं तिथं जाऊन उभी राहायची. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून छत्र्या उघडून बघायची. आणि एवढ्या उघडून बघितल्यावर एकही न घेणं बरं दिसत नाही म्हणून एक घ्यायची. घरात सात छत्र्या झाल्या होत्या. माणसं दोन.

"अगं, छत्र्यांचं दुकान काढायचंय का?" मोजणीदार हसत म्हणायचे.

"असू दे हो. कधी लागेल काय सांगावं," ती म्हणायची.

मग थंडीत ती आजारी पडली. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. डॉक्टरांनी मोजणीदारांना बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. पायांवर सूज येत जाईल, तेही सांगितलं. मोजणीदारांनी ते कुणालाच सांगितलं नाही. लेकीला अर्धंच सांगितलं. तोंडानं बोललं की ते खरं होईल, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं.

एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, फरशी फार गार लागते हो. घरात घालायला मऊ काहीतरी आणता का?" तिनं काही मागायचं म्हणजे वर्षातून एकदा. मोजणीदार त्याच संध्याकाळी दुकानात आले. मरून रंगाच्या जाड लोकरी कापडाच्या सपाता त्यांना लांबूनच आवडल्या. टाचेकडून बंद, आतून मऊ.

"सहा नंबर द्या," ते म्हणाले.

काउंटरवर ती बाई होती. वय पस्तिशीचं, गळ्यात मोजपट्टी. "घरात कुणासाठी, काका?"

"मी तुमचा काका नाही. बायकोसाठी."

"त्यांना आणता येईल का एकदा? पाय बघितला तर बरं पडतं."

"सहा नंबर घालते ती. तीस वर्षं मीच आणतोय."

"तीस वर्षांत पाय बदलतो. कागदावर त्यांच्या पायाचा ठसा काढून आणलात तरी चालेल. सकाळी घालणार का संध्याकाळी? संध्याकाळी पाय थोडा मोठा होतो. या कापडाला ताण नसतो, ते सैल होत नाही. त्यांचे पाय सुजतात का?"

हा शेवटचा प्रश्न. मोजणीदारांना वाटलं, ह्या बाईनं आपल्या घराच्या खिडकीतून आत डोकावलं.

"माझी बायको ठणठणीत आहे," ते म्हणाले. आणि आवाज खाली आणला. "तुम्ही मला पायाचं माप शिकवणार? ती मोजपट्टी मला दाखवू नका. माझं आयुष्य त्यात गेलंय. नाव काय तुमचं?"

"मी म्हणते, सातचा जोड न्या. मोठा झाला तर परत आणा, मी बदलून देते. लहान झाला तर त्यांना त्रास—"

"मी मागतो ते द्यायचं सोडून प्रश्नपत्रिका कसली सोडवून घेताय? मॅनेजर कुठंयत?"

मॅनेजर आला, त्यानं माफी मागितली. बाईलाही मागायला लावली. तिनं मागितली. मोजणीदारांनी तरीही तक्रार लिहिली: 'सदर कर्मचारी ग्राहकाच्या खासगी बाबींची अनावश्यक चौकशी करतात व मागितलेला माल देण्यास टाळाटाळ करतात.' सहा नंबरच्या सपाता चकचकीत कागदात बांधून, वर फीत लावून मिळाल्या. दारापर्यंत मॅनेजर सोडायला आला. मोजणीदार घरी गेले ते छाती काढूनच.

"आज बाजारात एक नमुनाच भेटला," त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "प्रश्नपत्रिका! पाय किती वाजता मोठा होतो म्हणे!"

बायको हसली. मग म्हणाली, "विचारलं असेल बिचारीनं आपलं."

आणि त्यांनी स्वतः तिच्या पायात त्या सपाता घातल्या. तिच्या पायाशी बसून. उजवी टाच आत जाईना, तेव्हा त्यांनी अंगठ्यानं रेटून घातली. "नवीन आहेत, होतील सैल," ते म्हणाले. ती पलंगाची कड धरून बसली होती. म्हणाली, "छान आहेत हो. ऊब आहे."

त्यानंतर रोज सकाळी ते तसंच करत. अंगठा लावायचा, टाच रेटायची. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी सपात आपसूक गेली आत. "बघ!" मोजणीदार म्हणाले. "म्हटलं नव्हतं, होतील सैल?"

"म्हणाला होतात खरं," ती म्हणाली.

तिला जाऊन आता दोन महिने झाले. मागच्या रविवारी लेक आली होती, आईचं कपाट आवरायला. साड्या, शाली, औषधांचे रिकामे डबे. कपाटाच्या तळाशी हे खोकं निघालं.

"बाबा, या मी नेऊ?" लेकीनं सपाता बाहेर काढल्या, एक पायात घातली आणि पुन्हा काढली. उलटीसुलटी करून उजेडात धरली. "बाबा, आईनं यात कळी घातलीय."

"कसली कळी?"

"ही बघा ना. दोन्ही बाजूंना शिवण उसवलीय आणि मधे पट्टी जोडलीय. ब्लाउज घट्ट झाला की घालतात तशी. काय हात होता हो आईचा, मला पण आधी दिसलं नाही. पण हे अगदी असलंच कापड तिला मिळालं कुठं?"

मोजणीदारांनी चष्मा लावला. टाचेपासून पुढे चार बोटं, मरूनमध्ये मरून. मोजणीदार ना ते. पट्टीची रुंदी बघितल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं. दोन्हीकडची मिळून बरोबर एका नंबराचा फरक.

खोक्याच्या तळाशी पोस्टाचं एक रिकामं पाकीट होतं आणि दुकानाचं बिल. बिल त्यांनी त्यांच्या पद्धतीनं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं, ते बाहेर काढलेलं होतं. मागच्या बाजूला बायकोचं बारीक अक्षर. दुकानाचा फोन नंबर. खाली: 'ताई. आता दुरुस्तीत बसतात. तीननंतर. शिवण आतून उसवणे, दुहेरी दोरा. हे बाहेर गेले की करणे.'

'हे बाहेर गेले की करणे.' मोजणीदारांनी तेवढीच ओळ चार वेळा वाचली.

"काय झालं बाबा?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. या सपाता मला पाहिजेत."

आणि चार दिवस घरात येरझाऱ्या घालून ते आज इथं आले होते. त्या बाईला भेटायचं, तिचं बरोबर होतं असं तिच्या तोंडावर सांगायचं, आणि ती तक्रार काढून टाकायची. तीन कामं. सोपी वाटत होती घरातून निघताना.

"तिनं काही केलेलं नाही," त्यांनी मॅनेजरला सांगितलं. "मला फक्त भेटायचंय."

"ती आता ग्राहकांसमोर येतच नाही साहेब," मॅनेजर म्हणाला. कौतुकाची थाप पडेल अशा अपेक्षेनं म्हणाला. "आपली तक्रार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मागं दुरुस्तीत घेतलं. आम्ही तक्रारी गांभीर्यानं घेतो."

"मला तिकडे न्या," मोजणीदार म्हणाले. मॅनेजर त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला.

खोली अरुंद होती. खिडकी नव्हती, डोक्यावर एक दिवा. सरसासारखा उग्र वास. भिंतीवर पायांचे लाकडी साचे ओळीनं टांगलेले. बाई टेबलाशी बसून एका बुटाची टाच ठोकत होती. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि हातोडी जपून खाली ठेवली.

"बसा," ती म्हणाली. काका म्हणाली नाही. मॅनेजर घुटमळला, मग गेला.

मोजणीदारांनी खोकं टेबलावर ठेवलं. घरी वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून निघालं दुसरंच. "ही पट्टी तुम्ही पाठवलीत?"

बाईनं झाकण काढलं. एक सपात उचलली, हात आत घातला, बोटांनी शिवण चाचपली. बराच वेळ चाचपली. "मी म्हटलं होतं दुहेरी दोरा घ्या. यांनी वरून परत एक टाका फिरवलाय. चांगला हात आहे." मग तिनं मोजणीदारांकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. "होता," ती म्हणाली.

"दोन महिने झाले."

"मला वाटलंच. फोन यायचे बंद झाले."

"फोन? किती?"

"सुरुवातीला कळी कशी घालायची ते विचारायला. मग असेच. तुम्ही औषधं आणायला गेलात की करायच्या. एकदा मला विचारलं, तुझ्याकडे छत्री आहे का." बाई जराशी हसली. "मी म्हटलं, आहे. तर म्हणाल्या, आणखी हवी असली तर सांग."

मोजणीदारांनी खाली बघितलं. फरशीवर चामड्याचे तुकडे पडले होते.

"पहिला फोन कधी आला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नेल्यावर चौथ्या दिवशी. म्हणाल्या, 'ताई, आमच्या ह्यांनी सहा नंबर आणल्यात, पाय सुजलेत, सात मिळेल का?' मी म्हटलं, मावशी, आजच्या आज बदलून देते, कुणाला तरी पाठवा. आणि बघते तर मशीनमध्ये त्या बिलावर लाल खूण. तक्रार झालेला माल बदलता येत नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांची सही लागते."

"माझी सही."

"तुमची सही. म्हटलं, काकांना पाठवा, फक्त सहीपुरतं, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

टेबलावरचे खिळे बाईनं बोटानं एका बाजूला केले.

"सांगा," मोजणीदार म्हणाले. "मला ऐकायचंय."

"म्हणाल्या, 'नको गं. ते सहीला येतील आणि दोन तास भांडतील. कापडच आखूड होतं म्हणतील. तुझं आणखी काही जाईल.' मी म्हटलं, माझं काय जायचं ते गेलं, पण तुमच्या पायाचं काय? तर म्हणाल्या, 'मला शिवता येतं. कापड तेवढं मिळेल का?' पाठवलं मी पोस्टानं. पोचायला आठवडा लागला."

चार दिवस आणि एक आठवडा. मोजणीदारांनी हिशेब करायचा नाही म्हटलं तरी तो झाला. अकरा सकाळी. अकरा वेळा अंगठा. आणि बाराव्या सकाळी, 'बघ! म्हटलं नव्हतं?'

बायकोचं म्हणणं खोटं ठरलं असतं का, तेही त्यांनी मनात तपासून पाहिलं. ते सहीला आले असते आणि सही करून गेले असते, असं म्हणायला त्यांना फार आवडलं असतं. पण ते स्वतःला ओळखत होते. ते भांडलेच असते. कापडच आखूड आहे, असंच म्हणाले असते. शब्दसुद्धा तेच.

नोकरीत नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. जुन्या नकाशावर जायचं नाही. नकाशा काढला तेव्हा नदी तिथं होती, आज असेलच असं नाही. जागेवर जा, वाका आणि मोजा. ह्या बाईनं त्या संध्याकाळी दुसरं काय सांगितलं होतं?

"तुमचं बरोबर होतं," मोजणीदार म्हणाले. "सात नंबर हवा होता. पाय सुजत होते तिचे, मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हो," बाई म्हणाली. "कळलं होतं मला तेव्हाच. ठणठणीत माणसासाठी कुणी इतकं चिडत नाही."

"मला माफ करा."

"त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. माझ्या आईनं विचारलं काय झालं, तर सांगता येईना. चपलेचा नंबर सांगितला म्हणून माफी मागावी लागली, असं कसं सांगणार? ते काही आता परत घेता येत नाही, काका." तिनं सपात खोक्यात ठेवली. "मावशींसाठी वाईट वाटतं. तुमच्यावर राग धरायला आता मला वेळ नाही."

"तक्रार काढून टाकतो मी."

"काढता येत नाही. तीन वर्षं राहते. तोवर समोर उभं राहू देत नाहीत. दोनदा अर्ज केला मी." मग म्हणाली, "इथंही वाईट नाही तसं. तुटलेली चप्पल खोटं बोलत नाही. पण माझं काम पायांचं आहे. इथं रिकामे बूट येतात नुसते. पाय येत नाही."

मोजणीदार उठले. बाहेर आले आणि मॅनेजरला गाठलं.

"तक्रार मागं घ्यायचीय."

"मागं घेता येत नाही साहेब. नियम आहे."

कुठल्याही दुकानात 'नियम आहे' ऐकलं की मोजणीदारांच्या अंगात एक प्रकारचा उत्साह यायचा. आज आला नाही. आवाज खाली गेला, पण मुद्दाम आणलेला नव्हता. "काहीतरी वाट असेल. तुम्ही बघा. मी थांबतो."

मॅनेजरनं डोकं खाजवलं. "एक नमुना आहे. 'तक्रार निराधार' म्हणून. ग्राहकानं स्वतः लिहून द्यायचं. पण साहेब, इतक्या वर्षांत कुणी भरलेला नाही. शोधावा लागेल."

"शोधा."

खुर्ची होती, पण त्यांना बसवेना. ते हिंडत हिंडत छत्र्यांच्या काउंटरपाशी आले. एक छत्री उघडली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्यानं त्यांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाईसाहेब नाही आल्या आज?"

"नाही," मोजणीदार म्हणाले.

"त्या हीच उघडतात नेहमी. घेतात मात्र काळी."

समोर चपलांच्या काउंटरवर एक गृहस्थ बूट घालून बघत होते. ते त्यांच्या मुलाला म्हणाले, "अंगठ्यापाशी चावतंय रे." अगदी हळू म्हणाले. मोजणीदारांना ते स्वच्छ ऐकू आलं. विक्रेता म्हणाला, "दुसरा नंबर काढू का?" तेही ऐकू आलं. बुटाच्या खोक्यातला पातळ कागद चुरगळला, त्याचा आवाजसुद्धा.

इतकी वर्षं ते समजत होते, ती लांब जाऊन उभी राहते. तिला काही ऐकू जात नाही. आवाज खाली आणून ते जे जे बोलले, ते ते सगळं तिनं इथं उभं राहून, ही छत्री उघडून, ऐकलं होतं. सात वेळा तर नक्कीच.

त्यांनी छत्री मिटली. तिचा बंद नीट गुंडाळून बटण लावलं.

"साहेब, सापडला!" मॅनेजर कागद हलवत आला. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

मोजणीदार काउंटरवर वाकून उभे राहिले. नाव, बिल क्रमांक, तारीख. बाईचं नाव त्यांनी मॅनेजरला विचारून लिहिलं, आणि या वेळी मनातही तेच ठेवलं. मग 'कारण' म्हणून चार ओळींची रिकामी जागा. त्यांनी लिहायला सुरुवात केली: 'सदर प्रकरणी पुनर्विचारांती असे निदर्शनास आले की' आणि तिथंच पेन थांबलं. असल्या वाक्यांत चूक कुणाची ते कधीच कळत नाही. त्यासाठीच ती वाक्यं असतात. ती लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं: 'माझ्या बायकोचे पाय सुजले होते. या बाईंनी सात नंबर न्यायला सांगितला होता. मी ऐकलं नाही आणि खोटं बोललो. चूक माझी आहे.'

मॅनेजरनं ते उलटं वाचलं आणि घसा खाकरला. "हे... एवढं लिहायची गरज नव्हती साहेब."

"चालेल ना पण?"

"चालेल. तिला सोमवारपासून समोर घेता येईल. फक्त खाली एक खूण राहिली. त्याशिवाय फाइल बंद होत नाही."

मोजणीदारांनी बोटाखालची ओळ वाचली. 'ग्राहक समाधानी आहे का? हो / नाही.'

"इथं 'हो' करा साहेब," मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाला. "'नाही' केलंत तर तक्रार चालूच राहते."

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. हातोडीचा आवाज थांबला होता. मोजणीदारांनी खोकं बगलेत घट्ट धरलं. 'नाही'वर खूण करायची सवय असलेला हात एकदा तिकडे गेलाही. मग त्यांनी तो वळवला आणि 'हो'वर खूण केली. इतकी हलकी, की मॅनेजरला कागद उजेडात धरून बघावं लागलं.